कर्णबधिरांचा कोश आणि आम्ही ऐकणारे

आमच्या मंडळाचे ग्रंथालय म्हणजे एका सभासदांच्या गराजमधली नऊ खोकी, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. यंदा त्या सभासदांनी घर विकायला काढले आणि खोकी हलवायची वेळ आली. कार्यकारिणीने लगोलग तीन जणांची समिती नेमली. (खोके उचलण्याआधी समिती नेमली नाही तर ते मराठी मंडळ कसले!) ठेवायची पुस्तके, भारतात पाठवायची पुस्तके आणि टाकून द्यायची पुस्तके असे तीन ढीग झाले. तिसऱ्या ढिगात अगदी वर एक जाडजूड, कव्हर फाटलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेले इंग्रजी पुस्तक होते. बॅरन्स या प्रकाशन संस्थेची 'अ डिक्शनरी ऑफ अमेरिकन इडियम्स', १९७५ ची आवृत्ती. समितीतले तरुण गृहस्थ म्हणाले, "काका, हे तर इंग्रजी आहे. आणि आता फोनवर सगळं मिळतं की."

दोन्ही मुद्दे बिनतोड होते. मी पुस्तक काखेत मारून घरी आणले. १९९१ साली ते ग्रंथालयाला मीच दिले होते, हे मात्र त्यांना सांगितले नाही.

आपल्या पुरवणीत पुस्तक परीक्षणे येतात ती बहुतेक नव्या कथासंग्रहांची, कवितासंग्रहांची, आणि तीही बरीचशी ओळखीच्या लेखकांची, त्यामुळे जरा हात राखून लिहिलेली. मी आज एका कोशाचे परीक्षण लिहिणार आहे. कोश जुना, संपादक परके, तेव्हा हात राखण्याचे कारण नाही. शिवाय इथे आल्यावर ज्या एका पुस्तकाने मला खरोखर काही शिकवले, आणि जे मला वेळेवर मिळाले नाही याची खंत आजही आहे, ते हेच.

आधी आमची पूर्वतयारी काय होती ते सांगतो, कारण त्याशिवाय तुलना होणार नाही. माझी पिढी इंग्रजी शिकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन अँड मार्टिनच्या व्याकरणावर. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' ही परदेशी पलटणीची धाडसी कादंबरी त्यांचीच, हे मला इथे आल्यावर समजले. व्याकरण लिहिता लिहिता माणसाला वाळवंटात पळून जावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कॉलेजात गेल्यावर मॅकमॉर्डी यांचे 'इंग्लिश इडियम्स अँड हाउ टु यूज देम' हाती आले. ऑक्सफर्डचे पुस्तक. पुढे १९७८ मध्ये जेनिफर सायडल यांनी ते नव्याने लिहून काढले, पण आमच्याकडे होते ते जुनेच, कुणा थोरल्या भावाचे, पानोपानी अधोरेखित केलेले.

मॅकमॉर्डींवर अन्याय करायचा नाही. त्यांच्या पुस्तकात 'टेक', 'गेट', 'पुट' अशा साध्या क्रियापदांच्या करामतींवर भरपूर पाने आहेत. पण ती आम्ही वाचलीच नाहीत. आम्ही वाचले ते परीक्षेला येणारे: 'बर्न द मिडनाइट ऑइल', 'अ व्हाइट एलिफंट', 'टु बी अॅट सिक्सेस अँड सेव्हन्स', 'टु रेन कॅट्स अँड डॉग्स'. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा, प्रत्येकी दोन गुण. हे वाक्प्रचार आम्ही सणासुदीचे दागिने पेटीत ठेवावेत तसे जपून ठेवले, निबंधाच्या दिवशी अंगावर घातले आणि पुन्हा पेटीत ठेवले. कनेक्टिकटात येऊन मला आता चाळिसाहून अधिक वर्षे झाली. एवढ्या वर्षांत इथे धो धो पाऊस पुष्कळदा पडला, पण एकाही अमेरिकन माणसाच्या तोंडून मी कुत्री-मांजरे पडल्याचे ऐकलेले नाही. आमच्या एका मित्राने तर आजोबा वारले म्हणून रजा मागताना साहेबाला लिहून दिले की माय ग्रँडफादर हॅज किक्ड द बकेट. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, गुण दोनपैकी दोन. साहेब चिठ्ठी हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते म्हणे.

पण असल्या चुका निरुपद्रवी असतात. लोक हसतात, आपण लाजतो, आणि पुढच्या पार्टीला ती गोष्ट सांगून आपणच हशा मिळवतो. 'रबर' मागितल्याची गोष्ट या मंडळात मी किमान बारा जणांकडून ऐकली आहे आणि प्रत्येकाच्या बाबतीत ती खरीच घडलेली आहे. वांग्याला, भेंडीला आणि कोथिंबिरीला इथे काय म्हणतात हे तर एका आठवड्यात किराणा दुकानच शिकवते. माझा मुद्दा वेगळ्या जातीच्या चुकीबद्दल आहे.

१९८२ सालची गोष्ट. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका पंपाच्या आराखड्यावर बैठक होती. माझा त्यावर तीन आठवड्यांचा अभ्यास झाला होता. अर्धा तास चर्चा झाल्यावर मॅनेजर म्हणाले, "लेट्स टेबल धिस." मला हर्ष झाला. आपल्याकडे विधिमंडळात कागदपत्रे 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतात, म्हणजे चर्चेला घेतात. ते पटल म्हणजे इंग्रजांचे टेबलच. मी नकाशांची गुंडाळी सोडली, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. चार-पाच मिनिटे बोललो. लोक उभे राहून फायली बंद करत होते. अमेरिकेत 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूला ठेवणे, जवळजवळ पुरून टाकणे! बरोबर उलटा अर्थ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांत याच शब्दावरून खडाजंगी झाली होती, हे चर्चिलनी आपल्या युद्धाच्या इतिहासात नमूद केले आहे. तेव्हा मी सुसंगतीत होतो म्हणायचे. पण चर्चिलच्या लोकांची बढती त्यापायी अडली नव्हती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'सिक्सेस अँड सेव्हन्स' कानावर पडले तर आपल्याला कळते की आपल्याला कळले नाही. मग आपण विचारतो, किंवा निदान गप्प बसतो. 'टेबल' हा शब्द मला येत होता. सगळे शब्द ओळखीचे असले की माणूस विचारत नाही. तो पुढे जातो.

आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाला सांगितलेले नाही. सौ.ला ठाऊक आहे, तेवढेच.

१९८४ च्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेला आले. नायगारा झाला, वॉशिंग्टन झाले. ऑगस्टमध्ये बाबांना हृदयविकाराचा झटका आला. रात्री इस्पितळात नेले, दुसऱ्या दिवशी दिवसभर नळ्या आणि यंत्रे. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. चांगला, मृदू बोलणारा माणूस. आमच्या शेजारी खुर्चीवर बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन-चार वाक्ये बोलले. औषधांची नावे मला कळली नाहीत, ती मी विचारून लिहून घेतली. मग ते म्हणाले, "इट्स टच अँड गो टुनाइट."

हे कळले. टच म्हणजे लागणे, गो म्हणजे जाणे. लागून गेले. गोळी कानाला चाटून गेली म्हणतो ना आपण, तसे. संकट चाटून गेले. मी हात जोडून डॉक्टरांचे आभार मानले. त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिले, ते मला पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. आई म्हणाली, "काय म्हणाले रे?" मी म्हणालो, "लागून गेलं म्हणतात. तू चल आता घरी, दोन रात्री डोळा नाही तुझा." ती नको नको म्हणत होती. मी तिला घरी नेले. साताऱ्याला दादाला फोन लावला, रात्री लागला. त्यालाही सांगितले की धोका टळला, घाई करू नकोस. दादा तीन-चार दिवसांत पोहोचला असता की नाही कोण जाणे. व्हिसा, तिकीट, सगळेच कठीण होते. पण आईचे तसे नव्हते. ती वीस मिनिटांच्या अंतरावर होती. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

डॉक्टरांचा दोष नव्हता. त्यांनी सत्य सांगितले होते, आणि तेही त्यांच्या भाषेतल्या अगदी साध्या शब्दांत सांगितले होते. लांबलचक लॅटिन शब्द वापरला असता तर मी विचारले असते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी हा कोश विकत घेतला, आणि पहिला शब्द कोणता पाहिला हे सांगायला नको. 'टच अँड गो' म्हणजे काय होईल सांगता येत नाही अशी, जिवावरची स्थिती. कुणी म्हणतात हा खलाशांचा शब्द: जहाजाचा तळ खडकाला लागतो, आणि ते तरून जाते किंवा जात नाही. म्हणजे 'लागणे' माझे बरोबर होते. पुढे जहाज तरते की नाही, ते मी माझ्या मराठीतून भरले होते. माणूस अज्ञानाने चुकतो असे आपण समजतो. मी चुकलो तो माझ्याकडे त्या जागेवर आधीच एक चांगला, घरचा वाक्प्रचार तयार होता म्हणून.

आता कोशाकडे वळतो. हा कोश मुळात तुमच्या-माझ्यासाठी केलेला नव्हता. १९६६ मध्ये तो प्रथम निघाला तेव्हा त्याचे नाव होते 'अ डिक्शनरी ऑफ इडियम्स फॉर द डेफ'. कर्णबधिरांसाठी वाक्प्रचारांचा कोश. प्रकाशक: वेस्ट हार्टफर्ड येथील अमेरिकन स्कूल फॉर द डेफ. संपादक मॅक्सीन टल बोटनर आणि जॉन एडवर्ड गेट्स. ही शाळा १८१७ सालची. टॉमस गॅलॉडेट यांनी लोराँ क्लेर या कर्णबधिर फ्रेंच शिक्षकाला पॅरिसहून आणून ती सुरू केली. नॉर्थ मेन स्ट्रीटवरच्या तिच्या आवारावरून मी गाडीने किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. माझ्यासाठी लिहिलेले पुस्तक त्या भिंतींच्या आत तयार झाले होते, हे मला फार उशिरा समजले.

कर्णबधिर मुलांना वेगळा कोश कशाला हवा? कारण ऐकू येणारे मूल वाक्प्रचार शिकत नाही, ते त्याच्या कानावर पडतात. जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, शेजारणी भांडताना, रेडिओवर. कुणी त्याला शिकवत नसते, ते दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकत असते. कर्णबधिर मुलाला ही चोरी करता येत नाही. त्याच्यासमोर इंग्रजी येते ते कागदावरून, एकेक शब्द सुटा करून. 'लुक' त्याला येते, 'आफ्टर' येते. 'लुक आफ्टर' म्हणजे मागे वळून पाहणे नव्हे हे कोण सांगणार? अशा पुष्कळांची खरी भाषा हातांची असते आणि इंग्रजी ही दुसरी भाषा. आपलीही गोष्ट हीच नाही का? कान शाबूत असून आपण इथे कागदावरचे इंग्रजी घेऊन आलो.

या जन्मकथेतून कोशाचे सगळे गुण निघतात. पहिला आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे तो बारक्या शब्दांना भितो. जी जोडी ऐकणाऱ्या माणसाला वाक्प्रचार वाटणारच नाही तिलाही इथे मानाने स्वतंत्र जागा आहे. 'पुट अप' वेगळे, 'पुट अप विथ' वेगळे, 'पुट ऑफ' वेगळे, 'पुट आउट' वेगळे. पाहुण्याला घरी ठेवून घेणे आणि पाहुणा सहन करणे यांत इंग्रजीला एका 'विथ'चाच फरक वाटतो! (अनुभवी वाचकांना हा फरक याहूनही कमी वाटेल.) आपल्याकडचे 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, फोन लागतो, नाद लागतो, ऊन लागते, नोकरी लागते, आणि मुलगी बोलू लागते. परक्या माणसाने यातून वाट कशी काढावी? या कोशाच्या संपादकांनी स्वतःच्या भाषेकडे अशा परक्या डोळ्यांनी पाहिले. ते सोपे नसते.

दुसरा गुण म्हणजे उदाहरणे. शेक्सपिअर नाही, बायबल नाही. शाळा, चेंडू, मोटार, जेवण, आई रागावली, बस चुकली. वाक्य वाचून चित्र उभे राहते. तिसरा गुण, कोणता प्रयोग गल्लीतला, कोणता घरगुती, कोणता पुस्तकी, याची तिथल्या तिथे दिलेली सूचना. आमच्या मित्राच्या आजोबांना तिचा फार उपयोग झाला असता.

१९७५ ची आवृत्ती अॅडम मक्काई यांनी सुधारली. हे गृहस्थ मूळचे हंगेरीचे, १९५६ च्या उठावानंतर देश सोडून आलेले, पुढे इथे भाषाशास्त्राचे प्राध्यापक झालेले. म्हणजे कर्णबधिरांचा कोश एका स्थलांतरिताच्या हाती गेला आणि मग आपल्यासारख्यांसाठी बाजारात आला. वाक्प्रचारांच्या जाती लावताना त्यांनी 'गेट अप', 'टर्न इन' यांसारख्या क्रियापदांच्या जोड्या आणि 'फ्लाय ऑफ द हँडल'सारखी मोठी चित्रे यांत भेद केला आहे. माझ्या मते परदेशी माणसाने पहिल्या जातीवर दहा वर्षे घालवावीत आणि दुसरीकडे सवडीने पाहावे. आमच्या परीक्षकांनी बरोबर उलटे केले होते.

आता दोष. मोठा दोष असा की या कोशाला आवाज नाही. कर्णबधिरांच्या कोशाला आवाज कुठून असणार, असे तुम्ही म्हणाल आणि ते खरे आहे. पण आपल्याला आवाजच तर कळत नाही. 'येss, राइट' या दोन होकारांचा मिळून नकार होतो तो केवळ सुरामुळे. 'वी मस्ट गेट टुगेदर समटाइम' हे आमंत्रण आहे की निरोप, हे शब्दांत नाही, दाराच्या मुठीवरच्या हातात आहे. पहिल्या वर्षी आम्ही अशा आमंत्रणाची तारीख ठरवायला डायरी काढली होती. आणि उत्तर काय द्यायचे ते तर कोणताच कोश सांगत नाही. हिने एकदा शेजारणीला चहाला बोलावले, ती म्हणाली की आज 'रेन चेक' घेते. हिने स्वच्छ आकाशाकडे पाहिले आणि पोह्यांना फोडणी घातली. पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की तिकिटाचा तुकडा पुढच्या सामन्याला चालतो, त्यावरून आलेला हा शब्द. 'टच बेस', 'बॉलपार्क फिगर', 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड', अमेरिकेचे अर्धे ऑफिस बेसबॉलच्या मैदानावर भरते. आपण मात्र 'स्टिकी विकेट' घेऊन आलेलो. ती इथे कुणाच्या कामाची नाही.

दुसरा दोष: कोणता प्रयोग रोज कानावर येईल आणि कोणता जन्मात एकदा, हे कळत नाही, दोघेही शेजारी शेजारी, एकाच टायपात. तिसरा: ज्याने आधी लंडनचे इंग्रजी शिकून घेतले आहे त्याचे वेगळे घोटाळे संपादकांच्या डोळ्यांसमोर नव्हते. 'टेबल' हा एकटा शब्द असल्या कोशांच्या जाळ्यातून सहसा निसटतो. हा मात्र त्यांचा अपराध म्हणता येणार नाही. आपल्यासाठीचे पुस्तक आपण लिहायला हवे होते. आपण इथे येऊन काय लिहिले? बर्फाच्या कविता.

फोनबद्दल समितीचे म्हणणे खरे आहे. खिशातल्या यंत्राला 'टच अँड गो' विचारले तर क्षणात उत्तर येते. पण विचारायचे आहे हे आधी कळावे लागते, आणि त्या इस्पितळाच्या खुर्चीवर बसून मला ते कळले नव्हते. कोशाचे तसे नसते. एक शब्द शोधताना डोळा शेजारच्या चारांवर पडतो, आणि त्यांतला एखादा आपल्याला येत होता तसा नसतोच, हे समजते. कानाने करायची चोरी थोडीफार डोळ्याने करता येते.

आता आपल्या रविवारच्या मराठी शाळेबद्दल थोडे. मी तिथे सहा वर्षे शिकवले आहे, म्हणून टीकेचा हक्क आहे असे समजतो. आपण मुलांना काय देतो? 'आकाशाला गवसणी घालणे', 'ताकास तूर न लागू देणे'. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा! एका मुलीने मला लिहून दिले होते: "आईने ताकास तूर लागू दिली नाही म्हणून कढी छान झाली." मी हसलो आणि पूर्ण गुण दिले. पण ही मॅकमॉर्डीचीच पेटी झाली, दागिने फक्त आपले. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४२ आणि १९४७ असा दोन भागांत निघाला. अफाट काम. पण तो ज्यांच्या कानात मराठी आधीच भरलेले आहे त्यांच्यासाठी आहे. आपल्या मुलांच्या कानावर मराठी पडते दोन तोंडांतून, आणि त्यांतले एक तोंड संध्याकाळी दमून गप्प असते. मराठीच्या बाबतीत ती कर्णबधिरच आहेत. त्यांना बोटनरबाईंचा कोश हवा, मराठीतला: 'लागणे', 'बसणे', 'टाकणे', 'पडणे', आणि 'काही खरं नाही'.

हे शेवटचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. २००३ साली आई साताऱ्याला दादाकडे होती. एका शनिवारी आम्ही दोघे बाहेर असताना वहिनीचा फोन आला, तो आमच्या मुलीने घेतला. ती तेव्हा कॉलेजात, सुट्टीला घरी आलेली. मराठी चांगले बोलते, आपल्या शाळेची बक्षीस मिळवलेली विद्यार्थिनी. आल्यावर मी विचारले तर म्हणाली, "काकूचा फोन होता. आजी आजारी आहे असं कुणीतरी म्हणत होतं वाटतं, पण काकू म्हणाली, आजीचं काही खरं नाही."

सगळे शब्द तिला येत होते. मी कोटसुद्धा न काढता फोन लावला. मंगळवारी साताऱ्यात होतो. आई त्यानंतर अकरा दिवस होती आणि शुद्धीवर होती. त्या अकरा दिवसांत १९८४ ची गोष्ट तिला सांगावी असे रोज मनात येत होते. सांगितली नाही.

या आठवड्यात कोश पुन्हा पहिल्यापासून चाळला. १९९१ नंतर तो बऱ्याच घरी जाऊन आलेला दिसतो. समासात निरनिराळ्या अक्षरांत, पेन्सिलीने मराठी लिहिलेले आहे. 'थ्रो इन द टॉवेल'पाशी "हात टेकणे", 'पास द बक'पाशी "टोलवाटोलवी", 'बीट अराउंड द बुश'पाशी "आडून आडून". 'गेट युवर गोट'पाशी नुसतेच "बकरी??" असे दोन प्रश्नचिन्हांसह. एका बाईंनी (अक्षरावरून बाईच असाव्यात) एका पानावर शेंगदाण्याच्या चटणीचे प्रमाणही लिहून ठेवले आहे. आणि 'टच अँड गो'पाशी माझी एक खूण होती, ती पुस्तक देताना मी खोडरबराने खोडली होती. तिच्याच जागी आता कुणीतरी बारीक, नीटस अक्षरात लिहिले आहे: "जिवावर बेतणे. विचारून खात्री करावी."

कुणाचे अक्षर ते ओळखता आले नाही. मी पुस्तकाची पाठ नव्याने चिकटवली आणि हे ठेवायच्या ढिगात टाकतो आहे असे समितीला कळवले. लगेच उत्तर आले: "नोटेड, काका." म्हणजे ठेवणार की नाही, ते काही त्यावरून कळत नाही.